बंद घरांचं मत

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही निवडणुकीला उभी राहिली. मला विचारलं नाही असं म्हणणार नाही. विचारलं, पण अर्ज भरून आल्यावर. चपला काढता काढता म्हणाली, "अहो, मी उभी राहू का?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. तोवर हिनं पर्समधून अर्जाची पोच काढून टेबलावर ठेवलीसुद्धा.

कारण दवाखाना. कोपऱ्यावरचा नगरपालिकेचा दवाखाना, जिथे हिनं नर्स म्हणून एकोणतीस वर्षं काढली, तो वर्षअखेरीला बंद करून तिथे गाड्या लावायला जागा करायची असं ठरलंय. ठरवणारा आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. त्याला सगळे हसरा म्हणतात, कारण प्रत्येक फलकावर त्याचे सगळे दात दिसतात. त्यातले दोन बसवलेले आहेत असं ही सांगते. वॉर्डात उमेदवार दोनच, हसरा आणि ही.

मी पाणीखात्यात बत्तीस वर्षं मीटर वाचले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. ही दीड वर्षापूर्वी निवृत्त झाली आणि तेव्हापासून मला दुपारी एक वाजता गरम जेवण आणि चार वाजता चहा मिळतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण हे सुख आत्ता कुठे सुरू झालंय. ही निवडून आली तर संपलंच. खरं सांगायचं तर हिनं पडावं असं मला वाटतं. हे मी फक्त इथे लिहितोय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी हिनं विचारलं, "खरं सांगा, लोक देतील का मला मत?" मी म्हटलं, मला काय वाटतं ते विचारू नकोस, मी वाचन घेऊन सांगतो. आयुष्यभर तेच केलंय.

पद्धत ठरवली. वॉर्डात चारशे नव्वद घरं. दर सातवं घर घ्यायचं, म्हणजे सत्तर. प्रश्न एकच, "येत्या निवडणुकीत सिस्टरना मत देणार का?" (हिला सगळा वॉर्ड सिस्टरच म्हणतो.) उत्तरं तीन: हो, नाही, सांगता येत नाही. खात्याची एक कोरी वही घरात पडून होती. तिच्यात घर क्रमांक, वाचन आणि शेरा असे रकाने छापलेलेच आहेत, त्यामुळे निम्मं काम झालं.

मी हिला म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा. ही म्हणाली, "शीत कुठल्या भांड्यातलं काढताय तेवढं बघा."

मुलीचा फोन आला होता. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचे मिस्टर. तुमच्या तोंडावर कोण नाही म्हणेल?" मी तिला समजावलं की बत्तीस वर्षांत एकाही मीटरनं मला बघून आकडा बदललेला नाही. यावर तिनं जेवलात का म्हणून विचारलं. पटलं असावं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पहिला दिवस. उन्हासाठी खात्याची जुनी टोपी घातली, वही खात्याच्या पिशवीत ठेवली. पिशवी मजबूत आहे.

नऊ घरं उघडी होती. नऊच्या नऊ "हो". पहिल्याच दारात एक आजी. प्रश्न पुरता विचारायच्या आत म्हणाल्या, "सिस्टरना नाही तर कुणाला देणार?" मग हात धरून मला आत मोरीपाशी नेलं आणि नळाला सातनंतर धार कशी करंगळीएवढी येते ते दाखवलं. मी म्हटलं, आजी, मी आता खात्यात नाही. त्या म्हणाल्या, "असू दे, तरी सांगून बघा."

शिंपीमामा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "हो लिहा." मग मान वर करून गेल्या वर्षीचं पाण्याचं बिल जास्त आल्याचं सांगितलं. एक गृहस्थ अर्धी दाढी करून, गालाला साबण तसाच ठेवून दार उघडायला आले. माझी टोपी बघून "हो, हो, हो" म्हणाले आणि दार लावलं. मी "हो" लिहिलं आणि शेऱ्यात "तीनदा" अशी नोंद केली.

नऊपैकी आठ घरांत पाण्याची तक्रार निघाली. हा योगायोग आहे, पण खात्याला कळवायला हवं.

पाच घरांना कुलूप. कुलपाचा खात्याचा नियम सोपा आहे, मागची तीन वाचनं बघायची आणि सरासरी टाकायची. मागची तिन्ही वाचनं "हो" होती. पाचही कुलपांना "हो" टाकलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिलं "नाही" मिळालं. बेकरीवाला. म्हणाला, "नाही देणार. तिनं मला गोड बंद करायला लावलं. बेकरीवाल्याला. आता मी माझाच केक गिऱ्हाइकाला चाखायला लावतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसतो." शेऱ्यात "वैयक्तिक राग" लिहिलं. पाण्याबद्दल याची काही तक्रार नाही, कारण त्याच्या अंगणात स्वतःची विहीर आहे.

दर सातवं घर मोजता मोजता आमचंच दार आलं. नियम म्हणजे नियम. बेल वाजवली. हिनं दार उघडलं, हातात इस्त्रीचा शर्ट. मी विचारलं, "येत्या निवडणुकीत सिस्टरना मत देणार का?"

ही म्हणाली, "विचार करावा लागेल. बाई कामाला चांगली आहे, पण तोंडाची फटकळ आहे."

"म्हणजे सांगता येत नाही असं लिहू?"

"लिहा. आणि या घरात आणखी एक मत आहे, त्याचं काय?"

मी म्हटलं, एका घरातून एकच वाचन घेतात. ही शर्ट घेऊन आत गेली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सर्वेक्षण पूर्ण. सत्तर घरं. उघडी चाळीस, त्यांपैकी एकतीस "हो". कुलपं तीस, त्यांपैकी सरासरीनं अठ्ठावीस "हो". एकूण एकोणसाठ, म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के. मनात वाटलं, माझ्या एक वाजताच्या जेवणाचं आता काही खरं नाही, पण आकड्यापुढे इलाज नसतो.

गंमत म्हणजे आजच हसऱ्याचंही सर्वेक्षण गावच्या पेपरात आलंय. त्यानं फोनवरून केलं. फोन उचलला की ध्वनिमुद्रित आवाज म्हणतो, लाडक्या नगरसेवकांसाठी एक दाबा, इतरांसाठी नऊ दाबा. शिंपीमामा म्हणाले, हात कामात असतो, एकच जवळ पडतो. त्याला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळालेत. माझे चौऱ्याऐंशी आणि त्याचे अठ्ठ्याहत्तर मिळून एकशे बासष्ट होतात. एवढे टक्के या वॉर्डात राहतात तरी कुठे? त्याची पद्धत चुकीची आहे हे उघड आहे.

मला वाटलं होतं ही खूश होईल. हिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि चष्मा लावून माझी वही चाळायला घेतली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हसरा घरी आला. दारातच हिच्या पायांकडे वाकल्यासारखं केलं, पण गुडघ्यापाशीच थांबला.

"ताई," तो म्हणाला, "आपण एकाच आळीतले. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तुम्ही अर्ज मागे घ्या. एकोणीस तारखेला दुपारी तीनपर्यंत मुदत आहे. मी शब्द देतो, दवाखाना आठवड्यातून दोन सकाळी चालू ठेवीन. जिंकून तरी तुम्हाला आणखी काय मिळणार?"

ही म्हणाली, "विचार करून सांगते." हे वाक्य माझं आहे, पण हिच्या तोंडी ते जास्त शोभलं.

तो गेल्यावर ही खुर्चीवर टेकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचे ते चौऱ्याऐंशी टक्के खरे ना? नीट सांगा, यावर सगळं आहे. खरे असतील तर मी त्याला उद्याच नाही म्हणून कळवते. खोटे असतील आणि मी हट्टानं उभी राहून पडले, तर त्या दोन सकाळीही जातील. त्या आजींना रोज सुई लागते. एक जानेवारीपासून त्या बस बदलून मोठ्या इस्पितळात जाणार का?"

मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, वही समोर आहे.

"वहीच वाचतेय," ही म्हणाली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी चहा पिताना हिनं वहीच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "घर नंबर एकोणचाळीस. इथे 'हो' लिहिलंय. कोण राहतं माहीत आहे?"

मी म्हटलं, हिरवं दार, मीटर डाव्या हाताला, काच फुटलेली.

"हसऱ्याच्या सासूबाई राहतात. त्यांनी तुम्हाला सांगितलं, जावयाला सोडून मला मत देणार म्हणून?"

मी म्हटलं, दाराला कुलूप होतं. कुलूप असलं की सरासरी टाकतात.

हिनं कप खाली ठेवला. "म्हणजे ही तीस घरं तुम्ही मनानं भरलीत?"

"मनानं नाही. नियमानं. मागची तीन वाचनं बघून. बत्तीस वर्षं असंच चालत आलंय, खात्यानं कधी हरकत घेतली नाही."

"अहो, पाण्याचं ठीक आहे. या महिन्यात कमी धरलं तर पुढच्या महिन्यात फिटतं. मताचा पुढचा महिना पाच वर्षांनी येतो." मग वहीचं दुसरं पान उलटलं. "आणि उघडी घरं. एकतीस 'हो'. त्यातल्या अठ्ठावीस जणांच्या शेऱ्यात पाण्याची तक्रार आहे. 'नाही' म्हणाला तो एक बेकरीवाला, त्याच्याकडे विहीर. लोकांनी मला 'हो' म्हटलंय की तुमच्या टोपीला?"

लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी वर बसून फांद्या मोजत होतो. बत्तीस वर्षांत माझी एक नोंद कुणी खोडली नव्हती. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जेवण दीड वाजता झालं, तेही मीच गरम केलं.

दुपारी मुलीचा फोन. मी तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, अजून पाच दिवस आहेत. ती तीस घरं संध्याकाळी उघडतात. टोपी घरी ठेवा आणि आपण कोण ते सांगू नका."

शनिवार, १५ नोव्हेंबर

काल संध्याकाळी सहा ते आठ आणि आज पुन्हा सहा ते आठ फिरलो. बिनटोपीचा, हातात साधी वही. या माणसांना मी बत्तीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचे मीटर ओळखतो, ती कामावर असायची. त्यांनीही मला ओळखलं नाही, त्यामुळे बोलली मात्र मनमोकळेपणानं.

"ती सिस्टर? औषधाचा डोस अर्धा सोडला म्हणून चारचौघांत ओरडली होती माझ्यावर. नाही देणार."

"हसरा काही करत नाही, पण निदान हसतो तरी."

"कोण सिस्टर?"

एकानं मला दारातच उभं ठेवून ही किती भांडकुदळ आहे यावर सात-आठ मिनिटं सुनावलं. त्यातलं निम्मं मला माहीत होतं, तरी राग आला. घरातल्या माणसाबद्दल आपण बोलणं वेगळं.

मग एक बसचालक. नुकताच ड्युटीवरून आलेला, मोजे काढत होता. म्हणाला, "सिस्टर होय? आमचे बाबा शेवटचे तीन महिने अंथरुणावर होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. वास असा यायचा की घरातलं कुणी जवळ जाईना. मीही नाही जायचो, खोटं कशाला बोलू? या बाई रोज संध्याकाळी यायच्या, पट्टी बदलायच्या, बाबांशी गप्पा मारायच्या आणि जायच्या. निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट ही. आम्ही बोलावलंही नव्हतं."

मी विचारलं, कधीची गोष्ट. त्यानं महिने सांगितले. त्या महिन्यांत ही रोज सहा वाजता गुडघ्यांसाठी म्हणून फिरायला जायची. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणायची, तुमची चाल हळू आहे.

"मग मत त्यांनाच?" मी विचारलं.

"द्यायला हवं खरं," तो म्हणाला. "पण मतदानाच्या रविवारी ड्युटी लागलीय. जमलं तर बघू."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना. बराच वेळ जिन्यात उभा राहिलो. मग "सांगता येत नाही" लिहिलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तीस कुलपांपैकी सत्तावीस उघडली. हिला नऊ. हसऱ्याला दहा. सांगता येत नाही पाच. "कोण सिस्टर" तीन. तीन घरं अजून बंदच आहेत. त्यांच्यापुढे रकाना कोरा सोडला. कोरा रकाना सोडायची माझी ही पहिलीच वेळ.

एकोणचाळीस नंबरलाही गेलो. हसऱ्याच्या सासूबाईंनी दार किलकिलं केलं. प्रश्न ऐकून आधी मागे वळून आत पाहिलं, मग हळूच म्हणाल्या, "जावई माझा आहे. दवाखानाही माझाच आहे. तुम्ही काही लिहू नका." मी लिहिलं नाही, पण त्या पाचांत त्यांना धरलं.

उद्या तीनपर्यंत मुदत. हिला सांगायचं आहे की नऊ विरुद्ध दहा हे आजवरचं सगळ्यात खरं वाचन आहे, आणि त्यात ही पडतेय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बारा वाजता सांगितलं. वही पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "चौऱ्याऐंशी खोटे होते. हे खरे आहेत. तू बहुतेक पडशील."

ही आकडे वाचत होती. "थोडक्यात पडेन," म्हणाली. मग फोन उचलला आणि हसऱ्याला लावला. मला वाटलं, झालं, माघार.

"दोन सकाळी म्हणालात ना?" ही फोनवर म्हणाली. "हरकत नाही. मला तेवढं लिहून द्या, नगरपालिकेच्या कागदावर. कागद तीनच्या आत आला तर मी लगेच जाऊन अर्ज मागे घेते." पलीकडे तो काय बोलला ते मला अर्धवट ऐकू आलं. ताई, आपल्यात कशाला लिहापढी, असं काहीतरी. मग तो हसला, ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.

हिनं फोन ठेवला. "तोंडाला पानं पुसतोय. माझ्या चौऱ्याऐंशींच्या तोऱ्यात मी याला कागद मागितलाच नसता. बरं झालं तुम्ही खरं सांगितलंत."

तीन वाजेपर्यंत आम्ही दोघं घड्याळासमोर बसलो. कागद आला नाही. तीन वाजून पाच मिनिटांनी मी उठून चहा केला. साखर जास्त पडली.

तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "एक सांगायचं आहे. तू पडावीस असं मला आधी वाटत होतं. जेवणासाठी."

"माहीत आहे," ही म्हणाली. "पहिल्याच पानावर लिहिलंय."

"तू माझी दैनंदिनी वाचतेस?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"खासगी वही आहे ना," ही म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

इतकं वाचलं असशील तर हेही वाच. आता मला तसं वाटत नाही. तू निवडून ये. मी दीड वाजता जेवीन, तीन वाजता जेवीन, आपलं आपण गरम करून घेईन.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रचार. मी पत्रकं वाटतो, ही लोकांना रागावते. आज एका मतदाराला म्हणाली, "मत द्या नका देऊ, आधी रक्तदाब मोजून घ्या, चेहरा बघा कसा झालाय." मी कोपरानं ढोसलं. ही मलाच म्हणाली, ढोसताय काय. पालथ्या घड्यावर पाणी. आज जेवण चारला.

रविवार, ३० नोव्हेंबर

मतदान केलं. हिलाच. बसचालक रांगेत दिसला नाही. दुपारी पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हाही नव्हता.

सोमवार, १ डिसेंबर

निकाल. हसरा चारशे चोवीस. ही तीनशे अठरा.

ही मतमोजणीच्या जागेवरून सरळ घरी आली, तोंड धुतलं आणि मुलीला फोन करून म्हणाली, "पडले गं. जेवलीस का?" रडलो मी. हिनं मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "बाहेरचा गुलाल डोळ्यांत गेला, असं सांगेन लोकांना. धुळीचा त्रास आहे म्हणून." हसावं की रडावं कळेना, दोन्ही झालं.

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळपासून माणसं भेटायला येतायत. बसायला खुर्च्या पुरेनात. आजी आल्या, हिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "माझं मत तुलाच होतं गं बाई." शिंपीमामा म्हणाले, आमच्या घरातली चारही तुम्हालाच. अर्ध्या दाढीचे गृहस्थ आज पूर्ण दाढी करून आले होते. म्हणाले, "सिस्टर, तुम्हालाच, तुम्हालाच, तुम्हालाच."

मला सवय लागलीय. मी दाराशी बसून मोजत होतो. दुपारपर्यंत एकशे सोळा जणांनी हिला मत दिल्याचं सांगितलं. एकच माणूस वेगळं बोलला, बेकरीवाला. म्हणाला, "मी नव्हतं दिलं. आधीच सांगितलं होतं." हिनं त्याला सगळ्यांच्या आधी चहा दिला.

मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "अगं, हे खोटं बोलतायत. वॉर्डात निम्मेही तुझे नाहीत, आणि इथे आलेले सगळेच तुझे? हिशेब जमत नाही."

"जमणार कसा?" ही कप विसळत म्हणाली. "तोंडावर नाही म्हणणं लोकांना जड जातं. तुमच्या टोपीसमोर जड गेलं, आज माझ्यासमोर जातंय. वाईट माणसं नाहीत ती. भिडस्त आहेत."

मग हात पुसले, कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि पहिल्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: दवाखाना आठवड्याचे सहाही दिवस चालू राहिला पाहिजे, अशी आमची मागणी आहे. खाली अनुक्रमांक, नाव, पत्ता, सही, तारीख. बाहेर येऊन आजींपुढे पेन धरलं. "आजी, मत मलाच दिलंत ना? मग इथे सही करा."

आजींनी केली. शिंपीमामांनी केली. अर्ध्या दाढीच्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं. खोली भरलेली होती आणि सगळ्यांनी त्यांचं "तुम्हालाच" तीनदा ऐकलेलं होतं. त्यांनीही केली. बेकरीवाला म्हणाला, मत दिलं नाही पण सही करतो, माझं इन्सुलिन तिथूनच येतं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

ही आता दवाखान्याच्या पायरीवर कागद घेऊन बसते. मी शेजारी. जाणारा-येणारा थांबतो, चुकचुकतो आणि आमचं मत तुम्हालाच होतं म्हणतो. ही पेन पुढे करते. बसचालक आला. म्हणाला, "सिस्टर, ड्युटी होती हो. नाही जमलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हिनं त्याला पाठीवर थोपटलं आणि पेन दिलं.

आज संध्याकाळी तीनशे अठराचा आकडा ओलांडला. म्हणजे हिला मिळालेल्या मतांपेक्षा हिला मत दिलेली माणसं जास्त झाली. मी दोनदा मोजलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

संध्याकाळी हसरा आला. हातात फुलांचा गुच्छ, मागे दोन कार्यकर्ते, फोटो काढायला एक जण. आमच्याकडे तेव्हा आजी, शिंपीमामा, बेकरीवाला आणि आणखी सात-आठ माणसं होती. सगळी उठून उभी राहिली आणि मग तशीच उभी राहिली.

"ताई," हसरा म्हणाला, "हार-जीत चालायचीच. मनात काही ठेवू नका. आणि खरं सांगू का, दवाखान्याबद्दल मलाही आतून तुमच्यासारखंच वाटतं. मी तुमच्याच बाजूचा आहे."

ही म्हणाली, "मला ठाऊकच होतं." गुच्छ माझ्याकडे दिला, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. "तीनशे शहाऐंशी झाल्यात. तुमची पुढची."

हसऱ्यानं पानं चाळायला घेतली. वेळ काढत होता. दोनशेच्या आसपास त्याचं बोट एका सहीवर थांबलं. अक्षर थरथरतं होतं, पण नाव पूर्ण लिहिलेलं होतं आणि पत्ता घर नंबर एकोणचाळीस. त्यानं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

त्यानं सही केली. घाईघाईनं टोपण लावायला गेला.

"तारीख राहिली," ही म्हणाली.

त्यानं तारीख घातली.